ऱ्हस्व सु, दीर्घ सू

साझ-बुलाक, २८ मे २००३

मान्यवर सागिंदिक कुदा,

माल-जान सुखरूप ना? अल्माटीत तुमचा माल म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक मांजर, तरी विचारायची रीत आहे म्हणून विचारते. इथे बाबा, मी, दोन गाई, बारा मेंढ्या आणि बाबांचा तांबडा घोडा, सगळे ठीक आहोत. जिपार पुढच्या महिन्यात माहेरपणाला येतेय हे ऐकून बाबांनी आत्तापासून एक मेंढी वेगळी बांधली आहे. तुमच्या घरी गेल्यापासून तिची झिपार झाली म्हणे. बरं, ती दोन्ही नावांना ओ देते.

माझी बहीण तुमची सून झाली, तुम्ही आमचे कुदा, म्हणजे व्याही, आणि मी तुमची कुदाचा झाले, तेव्हापासून व्याह्यांना टोमणे मारायचा हक्क आम्हाला मिळाला आहे, तो आज वापरते. तुम्ही हिवाळ्यात येऊन बसवलेल्या यंत्राने गावात माझी अब्रू घालवली.

झालं असं. कोक-कोल तळ्यावरचा मापक दर तासाला पाण्याची उंची खाली धाडतो, ती तुमची शेल स्क्रिप्ट, म्हणजे यंत्राला लिहून दिलेल्या हुकमांची यादी, वाचते, तीनशेवीसच्या वर गेली तर भोंगा वाजवते, नाहीतर कागदावर आणि वायरलेसवर "शांत" असं लिहून पाठवते, इथवर मला पाठ आहे. पण त्यातली नावं सगळी तुमची, कझाक. हद्दीला तुम्ही "शेक" म्हणता, आम्ही "चेक". रोज ते शेक-शेक वाचून माझे दात शिवशिवायला लागले. खुर्ची माझी, तळं आमचं, म्हटलं नावं तरी किर्गिझ असू देत. मी तुलनेच्या ओळीत "चेक" केलं आणि वर जिथे तीनशेवीस लिहिलंय तिथे करायचं विसरले. भोंगा लागला तो थांबेना. गाव टेकाडावर. कुणी रजया घेऊन, कुणी समोवार घेऊन. म्हातारी जांगिल आपा पाण्याच्या पाटाशी पडली, पायाचं हाड मोडलं. चूक मला तासाभरात सापडली, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. आता भोंग्याला गावात "बुरुलचा बोकड" म्हणतात.

एक विचारायचं होतं. स्क्रिप्टच्या अगदी वर एक ओळ तुम्ही पुढे हॅशची खूण (#) लावून झोपवून ठेवली आहे, म्हणजे यंत्र ती वाचतच नाही: सेट, एक आडवं दांडकं, आणि यू. ती कशाची? आम्ही किर्गिझ सगळीकडे एक यू जास्त लावतो म्हणून तुम्ही चिडवता, तसलाच काही विनोद आहे का?

तुमची कुदाचा,
बुरुल

अल्माटी, ७ जून

कुदाशा बुरुल,

माल-जान सुखरूप आहे. मांजरीला तुझा निरोप दिला, तिने तोंड फिरवलं.

आधी मला सांग, तुझ्या घरी पाहुणा आला आणि त्याने तुझ्या चुलीवरच्या डब्यांची लेबलं बदलली, तर तू त्याला जेवायला वाढशील का? मी सदतीस वर्षं संस्थेत यंत्रांशी बोललो. एक गोष्ट त्यांच्याकडून शिकलो: नाव सुंदर असायची गरज नाही, सगळीकडे एकच असायची गरज आहे. हद्दीला चेक म्हण, शेक म्हण, बोकड म्हण. पण जे म्हणशील ते शेवटपर्यंत म्हण. शेलला, म्हणजे हुकूम वाचून पाळणाऱ्या प्रोग्रामला, माहीत नसलेलं नाव दिसलं की ती तक्रार करत नाही. रिकामा डबा आणून ठेवते, आणि मोजताना रिकाम्याचं शून्य करते. तुझी हद्द शून्य झाली ती अशी.

झांगिल आपाला माझा नमस्कार सांग. तिच्या पायाबद्दल वाचून वाईट वाटलं. झिपारबरोबर तिच्यासाठी सुकलेली जर्दाळू पाठवतो, हाडाला चांगली.

वरच्या त्या ओळीचं मनावर घेऊ नकोस. जुनं काही राहून गेलं आहे. झोपली आहे, तिला झोपू दे.

आणि कृपा कर, आता आणखी काही बदलू नकोस.

सागिंदिक

साझ-बुलाक, २४ जून

मान्यवर कुदा,

माल-जान सुखरूप ना? तुमचं "आणखी काही बदलू नकोस" मला मिळालं तेव्हा बदलून झालं होतं. भोंग्याच्या दुसऱ्याच दिवशी मी पाण्याचं नाव बदललं. तुमचं पाणी आखूड, "सु", रोमनमध्ये एस-यू. आमचं पाणी लांब, "सू", एस-यू-यू. डोंगरातून येतं ते, लांबच असणार. तुमच्याकडे पोचेपर्यंत आखडत असेल. या वेळी मी नीट सावकाश केलं, आणि बघा, भोंग्याचा आवाजही नाही. महिना होत आला, यंत्र रोज "शांत" लिहितंय. तुम्ही खोडी काढणारच, म्हणून मुख्य ओळी शाळामास्तरासारख्या नाही, माझ्या साध्या बोलीत उतरवून पाठवते. वाचा आणि गप्प बसा:

मापकाचा आकडा वाच, सु मध्ये ठेव.
तोच आकडा वहीच्या फाइलीत लिही.
चेक म्हणजे ३२०.
सू जर चेकपेक्षा मोठं असेल तर भोंगा वाजव.
नाहीतर लिही: शांत.

जिपार पोचली. सातवा लागलाय, चालताना पाठीला हात लावते. बाबा तिला काम करू देत नाहीत. तुमच्या जर्दाळूतली अर्धी तिनेच खाल्ली, उरलेली जांगिल आपाला दिली. आपा अजून काठीवर आहे. मला बघितलं की "बोकडाला चारा घातलास का?" विचारते. हसत विचारते, पण मला लागतं.

पंधरा तारखेला वळणावर दरड आली, टेलिफोनचा खांब वाहून गेला. खातं म्हणतं ऑगस्टमध्ये लावू. तोवर पत्रं मामिरच्या गाडीने. तो आठवड्यातून एकदा खाली उतरतो आणि अल्माटीच्या गाडीवाल्याकडे देतो, म्हणून उशीर झाला तर माझ्यावर रागावू नका.

उकाडा फार आहे. इतक्या उंचावर आम्ही बनियनवर बसत नाही, या वर्षी बसतोय. हिमनदीवरून पाणी धावतंय, ओढ्याचा रंग राखेसारखा झालाय. बाबा रोज म्हणतात, वर जाऊन काठी बघून येतो. तीस वर्षं त्यांनी तळ्यातल्या रंगवलेल्या काठीवर उंची वाचली, आता यंत्र आलं म्हणून खात्याने त्यांना घरी बसवलं, ते त्यांना अजून पचलेलं नाही. मी सांगितलं, बाबा, तुमचे गुडघे राहू देत, यंत्र बघतंय ना.

बुरुल कुदाचा

अल्माटी, १ जुलै

बुरुल,

माल-जान विचारत नाही. आधी हे वाच आणि वाचून लगेच ऊठ.

तुझ्या पहिल्या ओळीत सु आहे, ऱ्हस्व. चौथ्या ओळीत सू आहे, दीर्घ. पत्रात उतरवताना तुझा हात चुकला, की यंत्रातही असंच आहे? पत्रात चुकली असशील तर मी म्हातारा घाबरट आहे, मला हसून सोड. यंत्रात असंच असेल तर तुझा भोंगा गेला महिनाभर मुका आहे.

आकडा सु या डब्यात पडतोय. तुलना करताना शेल सू नावाचा डबा शोधते. तो कुणी ठेवलेलाच नाही. ती काही न बोलता शून्य धरते. शून्य तीनशेवीसपेक्षा मोठं नाही, उद्या तळं डोंगरावरून सांडलं तरी होणार नाही. म्हणून लिहिते: शांत. मे मध्ये तुझी हद्द शून्य झाली, ती चूक ओरडली, तासात सापडली. ही चूक ओरडणार नाही. तिचा आवाज म्हणजेच "शांत".

काय करायचं ते सांगतो. एक, वहीची फाइल उघड. तिथे सु आहे, म्हणजे आकडे खरे असतील. शेवटचा आकडा बघ. दोन, तो तीनशेच्या पुढे असेल तर यंत्राशी बोलत बसू नकोस, हाताने भोंगा लाव आणि झिपारला आणि सगळ्यांना वर ने. तीन, बाबांना काठी बघायला जाऊ दे. हिवाळ्यात मी त्यांच्या काठीला हसलो होतो, त्याची माझ्या वतीने माफी माग.

तुझं पत्र आज सकाळी हातात आलं. मी तुमच्या जिल्ह्याच्या पाणीखात्याला फोन लावला. तिसऱ्यांदा एका कारकुनाने उचलला. म्हणाला, "साझ-बुलाक? शांत आहे, आत्ताच संदेश आलाय." मी म्हटलं, तेच तर सांगतोय, ते शांत खोटं आहे. तो म्हणाला, "आक्साकाल, आजोबा, तुम्ही अल्माटीत बसून आमचं तळं बघताय का?" आणि ठेवला.

हे पत्र अल्माटीच्या स्टँडवरच्या तीन ड्रायव्हरांपैकी सगळ्यात तरण्याकडे देतोय. तो म्हणतो उद्या फाट्यावर पोचेन. पुढे मामिर.

सागिंदिक

साझ-बुलाक, ३ जुलै

मान्यवर कुदा,

माल-जान सुखरूप ना? तुमचं उत्तर नाही. चिडलात वाटतं, माझ्या लांब पाण्यावरून. व्याही असून एवढं लागतं का?

हे मी बाबांवर रागावून लिहितेय, मामिर येईल तेव्हा देईन. ते आज सकाळी कुणाला न सांगता घोडा घेऊन वर गेले. चुलीपाशी जिपारला म्हणाले, "यंत्राचं शांत वेगळं, माझं शांत वेगळं," आणि खिशात कुरुत, सुक्या दह्याचे गोळे, घालून निघाले. गुडघ्यांना पट्ट्या बांधून. पायवाट दरडीने अर्धी खाल्लीय. पडले बिडले तर तिथे कोण बघणार आहे?

मी दुपारी यंत्राच्या खोलीत जाऊन आले. शांत, शांत, शांत. एक वाजताही शांत, दोन वाजताही. जिपार म्हणते, मग तुला एवढी धास्ती का वाटतेय? मी म्हटलं, बाबांची.

उद्या ते उतरले की त्यांना चांगलं झापणार आहे.

बुरुल

अल्माटी, ५ जुलै

बुरुल,

पहिलं पत्र पोचलं नसेल तर म्हणून परत लिहितो: पहिल्या ओळीत सु, चौथ्या ओळीत सू. भोंगा मुका आहे. फाइल उघड. वर जा.

चार दिवस झाले. त्या तरण्या ड्रायव्हरने पत्र फाट्यावरच्या टपरीत ठेवलं. मामिर तिथे आलाच नव्हता. काल मी स्वतः निघालो. माझा पासपोर्ट नव्यासाठी दिलेला आहे, जुना चालेल असं वाटलं. सरहद्दीच्या नाक्यावरच्या पोराने उलटसुलट करून बघितला, म्हणाला, "आजोबा, तारीख गेली." मी त्याला सगळं सांगितलं. सु, सू, तळं, गरोदर सून. त्याने ऐकून घेतलं, मला सावलीत बसवलं, चहा दिला आणि परत पाठवलं.

मुलाला अजून काही बोललो नाही. तो तेलविहिरीवर आहे, तिथून तो काय करणार? रोज फोनवर विचारतो, झिपारचं काही कळलं का. मी म्हणतो, जर्दाळू खातेय.

तुला एक सांगायचं आहे आणि तोंडावर सांगायची हिंमत मला झाली नसती. तू त्या झोपलेल्या ओळीबद्दल विचारलंस आणि मी जुनं काही म्हणालो. ती जुनी नाही. ती सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे. ती जागी असली की शेल माहीत नसलेल्या नावापाशी रिकामा डबा देत नाही. थांबते, आणि ते नाव मोठ्याने सांगते. तू सू लिहिलंस त्याच मिनिटाला तिने तुझा हात धरला असता.

मी ती का झोपवली? हिवाळ्यात खात्याचे साहेब यंत्र बघायला आले, त्या दिवशी स्क्रिप्ट थांबली. प्रिंटरच्या कागदाचं एक नाव मी भरलं नव्हतं, फालतू नाव, त्यावर ती अडून बसली. साहेब म्हणाले, "एवढ्यातेवढ्याला थांबणारं यंत्र आम्हाला नको." बाबांनी मेंढी कापली होती, बेशबरमक परातीत निवत होतं, सगळे हात धुऊन माझी वाट बघत होते. ते नाव शोधायला दहा मिनिटं लागली असती. हॅश टाकायला एक बोट. म्हटलं, जेवून आल्यावर काढू. जेवलो, गाणी झाली, मग मी निघालो. गाडीत आठवलं. म्हटलं, पुढच्या वेळी.

तुझा एक यू चुकला, बुरुल. मी तो पकडणारा यू झोपवला.

मला एक ओळ पाठव. शिव्या दे, पण पाठव.

सागिंदिक

साझ-बुलाक, १० जुलै

मान्यवर सागिंदिक कुदा,

जिपार सुखरूप आहे. पोटातलंही. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तुम्ही बसून वाचाल. तिच्या हातची चिठ्ठी आत घातली आहे, तुमच्या मुलाला द्या.

तुमची दोन्ही पत्रं मला परवा एकदमच मिळाली, आठ तारखेला. दोन्ही वाचली. आता माझं वाचा.

चार तारखेला अकराच्या सुमाराला बाबा उतरले. मी झापायला तयारच होते. ते म्हणाले, "काठीवरचा धोक्याचा लाल पट्टा दिसत नाही. पाण्याखाली गेलाय." मी म्हटलं, यंत्र शांत म्हणतंय. "मग यंत्राला वर ने आणि त्याचे पाय भिजव," म्हणाले. मी त्यांना काय बोलले ते ऐका. म्हटलं, बाबा, तुमची नजर गेलीय, तुम्ही भलताच पट्टा बघितला. ते रागावले नाहीत. ओट्यावर बसले, एक बूट काढला आणि माझ्यापुढे उपडा केला. त्यातून पाणी आणि राखाडी रेती पडली. ज्या दगडावर उभं राहून ते तीस वर्षं काठी वाचत आले, तो दगड आहे गुडघ्याएवढ्या पाण्यात.

मी पळत खोलीत गेले, फाइल उघडली. तीनशे एकेचाळीस. तीनशे चव्वेचाळीस. तीनशे एकोणपन्नास. नऊ दिवस हद्दीच्या वर, आणि प्रत्येक आकड्याशेजारी कागदावर माझं यंत्र लिहितंय, शांत. मला कारण कळेना. स्क्रिप्ट तीनदा वाचली. सु आणि सू माझ्या डोळ्यांपुढून तीनदा गेले, कुदा, आणि मला ते एकच दिसले, कारण मला दोन्हीचा अर्थ पाणीच.

मग हाताने भोंगा लावला आणि खाली बघितलं. कुणी बाहेर आलं नाही. कुरमानची बायको गाय पिळत होती, तिने मानही वळवली नाही. कुणीतरी ओरडलं, "बुरुल, बोकडाला बांध गं." मे मध्ये जे गाव रजया घेऊन पळालं होतं, ते जागचं हलेना.

मी दारोदार गेले. बाबा घोड्यावरून गल्लीतून हाका मारत फिरले, पुरुष त्यांच्या शब्दावर निघाले. पण बायकांना हलवलं जिपारने. तिने डोक्यावर रजई घेतली, एक हात पाठीला लावला आणि सगळ्यांना दिसेल असं उघड्या टेकाडावरून चढायला लागली. सात महिन्यांची गरोदर बाई ओझं घेऊन चढताना दिसली तेव्हा कुरमानच्या बायकोने बादली ठेवली.

जांगिल आपाच्या दारात मी दोनदा गेले. पहिल्यांदा ती म्हणाली, एकदा पळाले, पाय मोडला, दुसरा शाबूत राहू दे. दुसऱ्यांदा तिने मला विचारलं, "तुझं यंत्र काय म्हणतंय?" खोटं बोलायला हवं होतं. आयुष्यात एकदा, तिथे. माझ्या तोंडून निघालं, "शांत." "मग झालं तर," म्हणाली आणि दार लावून घेतलं. तिला उचलून न्यायला दोन गडी आणावेत म्हणून मी वर धावले. आम्ही तिघं अर्ध्या उतारावर होतो तेव्हा आवाज आला. पाणी नव्हतं ते, दगड आणि माती उभी चालत आली. अकरा घरं गेली, आमचं धरून. पूल गेला, म्हणून मामिर अडकला होता. माणसांपैकी फक्त ती.

दुसऱ्या दिवशी सापडली. तुमच्या जर्दाळूची पुरचुंडी तिच्या कमरेला होती.

परवा तुमची पत्रं वाचून मी खोलीत गेले. खोली वर आहे, तिला काही झालेलं नाही. तुमच्या झोपलेल्या ओळीपुढचा हॅश काढला आणि स्क्रिप्ट चालवली. ती थांबली. एकच ओळ लिहिली: सू, या नावाला काही बांधलेलं नाही. एवढंच. एका श्वासाला लागतो तेवढा वेळ. मग मी सगळीकडे तुमचं आखूड सु परत घातलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि चेकचं शेक केलं. ती जागी ओळ तशीच ठेवली. चार तारखेचा कागद सोबत पाठवते. दुपारी चार वाजता, गाव नव्हतं तेव्हा, त्यावर काय लिहिलंय बघा.

काल तीन माणसांचं कमिशन आलं. विचारलं, नावं कुणी बदलली? मी म्हटलं, मी. विचारलं, तपासणारी ओळ कुणी बंद केली? मी म्हटलं, तीही मीच. त्यांनी लिहून घेतलं, माझी सही घेतली आणि मला कामावरून थांबवलं. तुम्ही यात काही करू नका. एक नाव पुरे आहे. जिपारला तुमच्या घरी आयुष्य काढायचं आहे, तिच्या मुलाच्या आजोबांचं नाव त्या कागदावर कशाला? खोटं बोलायची जागा चुकली माझी, एवढंच.

आम्ही शाळेत झोपतो. बाबा घोड्याला घेऊन झोपतात.

तुमची कुदाचा,
बुरुल

अल्माटी, १९ जुलै

प्रिय बुरुल कुदाचा,

होय, नीट वाचलंस. च, तुझ्याकडचा. आजपासून तुझं नाव तुझ्या तोंडचं.

माल-जान सुखरूप ना, हे आज मी रीत म्हणून विचारत नाही.

तुझा कागद मी टेबलावर उलगडून ठेवला आहे. दुपारी चार: शांत. पाच: शांत. सहा वाजता मापकच उरला नाही, तेव्हाही शांत. मी लिहिलेली ती ओळ. तो शब्दही मीच निवडला होता, इथे याच टेबलाशी बसून, आणि मला तो आवडला होता.

झिपारची चिठ्ठी मुलाला वाचून दाखवली. तो रडला. मग त्याला सगळं सांगितलं, बेशबरमकपासून. तो मग म्हणाला, "तुम्ही जाऊन सांगा." मी जाणारच होतो, पण त्याने म्हटलं ते बरं झालं.

तू कमिशनपुढे जे बोललीस ते मायेने बोललीस, हे मला कळतं. पण ऐक. ज्या जागी माझं नाव हवं तिथे तू तुझं घातलंस. तो कागद आता कुणाचीही तक्रार न येता पुढे जाईल, कपाटात जाईल, आणि पुढच्या गावात पुढचा साहेब म्हणेल, एवढ्यातेवढ्याला थांबणारं यंत्र नको, आणि पुढचा म्हातारा जेवण निवतंय म्हणून हॅश टाकील. कारण कागद सांगेल, साझ-बुलाकला एका पोरीने खोडसाळपणा केला होता. चुकीचं नाव शांत बसतं, बुरुल. हे आपल्या दोघांना आता कुणी शिकवायला नको. म्हणून मी कमिशनला अर्ज लिहिला आहे. हॅश माझा, तारीख अमुक, हजर माणसं अमुक, कारण अमुक. साहेबांचं वाक्य जसंच्या तसं घातलंय आणि माझं बोटही.

नवा पासपोर्ट काल मिळाला. पंचवीस तारखेला मी येतोय. बाबांसाठी लाल रंगाचा डबा आणि चांगला ब्रश आणतो. नवी काठी ते रोवतील, मी दोर धरीन. यंत्राशेजारी काठी राहील, आणि आठवड्यातून एकदा माणूस वर जाईल, हेही अर्जात मागितलं आहे.

आमच्याकडे दुःखाच्या दारी दुरूनच हाका मारत येतात, ते तुमच्याकडेही आहे. आपाचं दार उरलं नाही. ते जिथे होतं ती जागा मला दाखव, मी ओढ्याच्या वळणापासून हाका मारत येईन.

आता कामाचं. अर्ज लिहून तयार आहे, टपालात टाकलेला नाही. त्यात तिच्या नावाची जागा मी मोकळी सोडली आहे. मागे मी तुला झांगिल लिहिलं होतं, तू जांगिल लिहितेस. आमचा झ, तुमचा ज. तिच्या ओळखपत्रावर कसं होतं ते बघून, वडिलांच्या नावासकट, एकेक अक्षर सुटं करून मला लिहून पाठव. तुझं उत्तर येईपर्यंत मी थांबतो. ती जागा रिकामी ठेवून मी अर्ज पुढे जाऊ देणार नाही.

तुझा कुदा,
सागिंदिक